वैयक्तिक विमा आणि तज्ज्ञ सल्लागार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयुर्विमा, आरोग्य विमा, अपघात विमा आणि गंभीर आजारांचा विमा हे वैयक्तिक विम्याचे चार मुख्य प्रकार आहेत. गेली अनेक वर्षे मी महाराष्ट्रातील कुटुंबांना या विषयात सल्ला देत आहे आणि त्या काळात नाकारल्या गेलेल्या दाव्यांच्या फायलीही पुष्कळ वाचल्या आहेत. चुकीची कंपनी निवडली म्हणून अडलेला दावा मला त्यांत क्वचितच आढळला. प्रस्ताव अर्जात एखादी ओळ लिहायची राहिली, लग्नानंतर नॉमिनीचे नाव बदलले नाही, रुग्णालयात दाखल होताना खोलीभाड्याची मर्यादा घरात कोणालाच ठाऊक नव्हती, अशी कारणे मात्र पुन्हा पुन्हा दिसली. सल्लागाराचा उपयोग नेमका या जागी असतो, आणि म्हणून पुढील उत्तरांत कंपन्यांच्या तुलनेपेक्षा या गोष्टींवर अधिक भर दिला आहे.

एजंट, बँक, ब्रोकर आणि सल्लागार यांत फरक काय? सर्वांच्या कार्डावर तर ‘विमा सल्लागार’ असेच छापलेले असते.

कार्डावरील शब्दावरून काहीच ठरत नाही. ती व्यक्ती कायद्याने कोणाच्या बाजूने उभी आहे, हे पाहावे लागते. वैयक्तिक एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. त्याला एका आयुर्विमा कंपनीचे, एका सर्वसाधारण विमा कंपनीचे आणि केवळ आरोग्य विमा करणाऱ्या एका कंपनीचे काम करता येते, त्यामुळे त्याच्याकडून बाजारातील सर्व पर्यायांची तुलना मिळण्याची अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. बँक ही सहसा ‘कॉर्पोरेट एजंट’ असते. प्रत्येक प्रकारातील नऊ कंपन्यांपर्यंत करार करण्याची मुभा तिला आहे, तरीही तीसुद्धा कंपन्यांचीच प्रतिनिधी असते. ब्रोकर मात्र ग्राहकाचा प्रतिनिधी मानला जातो, तो कोणत्याही कंपनीची पॉलिसी सुचवू शकतो, आणि त्याच्या चुकीमुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास भरपाई देता यावी यासाठी त्याला स्वतःचा व्यावसायिक दायित्व विमा घ्यावाच लागतो. याशिवाय काही आर्थिक नियोजनकार केवळ शुल्क घेऊन सल्ला देतात आणि पॉलिसी विकतच नाहीत.

हा फरक किती दूरवर पोहोचतो, याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निकालात आहे. विमेदाराकडून हप्त्याचा धनादेश एजंटाने घेतला होता, परंतु तो आयुर्विमा महामंडळाकडे (एलआयसीकडे) वेळेत जमा झाला नाही आणि दरम्यान विमेदाराचा अपघाती मृत्यू झाला. हप्ता स्वीकारण्याचा अधिकार एजंटाला नव्हता, त्यामुळे त्याच्या हाती दिलेला हप्ता महामंडळाकडे पोहोचला असे मानता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. आज बहुतेक हप्ते थेट खात्यातून जातात हे खरे. तरीही ज्याच्या हाती आपण कागद देतो तो कोणाचा माणूस आहे, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. एकाच कंपनीचे काम करणारे, पण अर्ज प्रामाणिकपणे भरून घेणारे आणि दाव्याच्या वेळी मध्यरात्री रुग्णालयात येऊन उभे राहणारे कितीतरी एजंट तालुक्याच्या गावांत आहेत. अशा माणसाला केवळ ‘एजंट’ म्हणून बाजूला सारू नये.

ऑनलाइन घेतलेली पॉलिसी स्वस्त पडते. मग सल्लागाराची गरज काय?

काही कंपन्या थेट संकेतस्थळावरून घेतलेल्या मुदत विम्यावर, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या विम्यावर, सूट देतात. आरोग्य विम्यात मात्र हा फरक अनेकदा थोडा असतो किंवा नसतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, आणि तो फायदा आपण पॉलिसी कुठूनही घेतली तरी आपल्याला मिळतो. म्हणजे प्रश्न हप्त्यातील थोड्याशा बचतीचा उरतो, आणि ती बचत कोणत्या कामाच्या बदल्यात होते ते पाहिले पाहिजे. संकेतस्थळ आपल्याला प्रश्न विचारते आणि आपण दिलेले उत्तर जसेच्या तसे नोंदवते. त्या प्रश्नाचा अर्थ आपल्याला नीट कळला का, हे ते तपासत नाही. ते काम माणसालाच करावे लागते.

प्रस्ताव अर्ज भरताना तज्ज्ञ सल्लागार असे काय करतो, जे आपल्याला स्वतः करता येणार नाही?

तो आपल्याला न सुचणारे प्रश्न विचारतो. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, म्हणजे जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक माहिती विमेदाराने स्वतःहून सांगणे अपेक्षित असते. अडचण अशी की सामान्य माणसाला ‘माहिती’ कशाला म्हणायचे हेच ठाऊक नसते. साताऱ्याकडील किंवा मराठवाड्यातील एखाद्या गृहिणीला ‘आपण तंबाखू घेता का?’ असे विचारले तर ती सहज ‘नाही’ म्हणते, कारण सकाळी दातांना लावण्याची मिश्री म्हणजे तंबाखूच, हे तिच्या मनातही येत नाही. वैद्यकीय तपासणीत निकोटिनचा अंश दिसला की अर्जातील ते ‘नाही’ खोटे ठरते. रक्तदाबाची एकच गोळी चालू आहे, पाच वर्षांपूर्वी थायरॉइडची तपासणी झाली होती, वडिलांना पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला होता, दुसऱ्या कंपनीने कधी काळी प्रस्ताव नाकारला होता, या सर्व गोष्टी बोलण्याच्या ओघात बाहेर येतात; तुटक प्रश्नावलीतून त्या येतीलच असे नाही. म्हणून चांगला सल्लागार आधी जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल मागतो आणि मगच अर्ज उघडतो.

दुसरी पॉलिसी लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेला निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा. विमेदाराने काही आठवडे आधीच दुसऱ्या कंपनीकडून घेतलेल्या आयुर्विम्याचा उल्लेख अर्जात केला नव्हता. तेवढ्या कारणावरून दावा नाकारणे न्यायालयाने ग्राह्य धरले. न वाचता किंवा न समजता सही केली, असे म्हणून सही करणाऱ्याची जबाबदारी टळत नाही, हेही त्या निकालात स्पष्ट झाले.

अर्ज इंग्रजीत असतो आणि सही मराठीत केली जाते, तेव्हा ‘हा मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे’ असे निवेदन त्याला जोडलेले असते. प्रत्यक्षात कोणीही काही समजावून सांगितलेले नसते आणि पेन्सिलीने केलेल्या फुलीवर सही होते. या एका सवयीने जितकी कुटुंबे उघड्यावर आली आहेत, तितकी दुसऱ्या कशाने आली असतील असे मला वाटत नाही. सल्लागाराने अर्जातील प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवावा, उत्तर आपल्यासमोर लिहावे आणि भरलेल्या अर्जाची प्रत आपल्याकडे ठेवावी. एवढे करण्यास जो तयार नसेल, त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नये.

तीन वर्षे झाली की कंपनीला दावा नाकारता येत नाही, हे खरे आहे का?

आयुर्विम्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षे पूर्ण झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून पॉलिसीच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. परंतु या तीन वर्षांची मोजणी पॉलिसी पुनरुज्जीवित केली तर त्या तारखेपासून नव्याने सुरू होते, आणि बारा वर्षे जुनी पॉलिसी हप्ता थकल्यामुळे बंद पडून पुन्हा चालू केलेल्या माणसाला हे कोणीच सांगत नाही. पुनरुज्जीवनाच्या वेळी तब्येतीचे जे निवेदन लिहून द्यावे लागते, त्यालाही मूळ अर्जाइतकेच वजन असते.

आरोग्य विम्यात हाच कालावधी सलग ६० महिन्यांचा आहे, आणि सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. पॉलिसीपूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला. म्हणून मधुमेह असलेल्या माणसाने तो लपवण्यात काहीच शहाणपण नाही. खरे सांगितले तर तीन वर्षांत त्या आजाराला हक्काचे संरक्षण मिळते. लपवले तर पाच वर्षे धाकधुकीत काढावी लागतात.

आरोग्य विमा ५ लाखांचा असताना २ लाख ८२ हजारांचे बिल पूर्ण का मिळत नाही?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला. खोलीचे बिल ३२,००० रुपये, शस्त्रक्रिया, भूल, शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १,६०,००० रुपये, तर औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या ९०,००० रुपये झाले. घरच्यांचा अंदाज असा की खोलीच्या भाड्यातील १२,००० रुपयांचा फरक आपल्याला भरावा लागेल. प्रत्यक्षात कंपनी खोलीसाठी २०,००० रुपये देते आणि शस्त्रक्रियेच्या खर्चालाही तेच पाचास आठ हे प्रमाण लावून १,६०,००० ऐवजी १,००,००० रुपयेच मंजूर करते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही, त्यामुळे ते ९०,००० पूर्ण मिळतात. एकूण मंजुरी २,१०,००० रुपयांची होते आणि खिशातून ७२,००० रुपये जातात.

हीच पॉलिसी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घेतली असती, किंवा दाखल होताना ५,००० रुपयांपर्यंतची खोली मागितली असती, तर हा प्रसंग आलाच नसता. पहिली गोष्ट सल्लागाराने पॉलिसी घेताना सांगायची असते आणि दुसरी गोष्ट रुग्णालयाच्या दाराशी, फोनवर. जे रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार इतर दर बदलत नाही, तेथे अशी कपात करता येत नाही, हेही अंतिम बिलाच्या वेळी कोणीतरी टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर ठामपणे बोलून दाखवावे लागते. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडण्याच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना तो माहीत नसल्यामुळे ते संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहतात.

खोलीभाड्याबरोबरच सहदेयाची (बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरण्याची) अट, मोतीबिंदू किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवरील स्वतंत्र मर्यादा आणि विशिष्ट आजारांचा प्रतीक्षा कालावधी या गोष्टी ग्राहक माहिती पत्रकात थोडक्यात दिलेल्या असतात. हे पत्रक मागितल्यास मराठीतून मिळू शकते, आणि ते मागावेच.

किती रकमेचा आयुर्विमा असावा, हे सल्लागार कसे ठरवतो?

उत्पन्नाच्या दहापट, पंधरापट असे ठोकताळे चालू आहेत, परंतु ते मला पुरेसे वाटत नाहीत. आधी कर्जे मोजावीत, मग घरखर्च किती वर्षे चालवायचा आहे ते पाहावे, मुलांच्या शिक्षणाची रक्कम त्यात मिळवावी आणि हाताशी असलेली बचत वजा करावी. उदाहरणार्थ, ३५ लाखांचे गृहकर्ज आणि महिना ४०,००० रुपयांचा घरखर्च असलेल्या कुटुंबात एकट्या कमावत्या माणसाने वर्षाला ५०,००० रुपये हप्त्याची बचतीची पॉलिसी घेतली असेल, तर तिचे विमा संरक्षण साधारण ५ लाखांच्या आसपास असते. त्या रकमेत घरखर्चच जेमतेम साडेबारा महिने चालेल. कर्ज तसेच राहील. असे कुटुंब ‘आमचा विमा आहे’ या समजुतीत असते, आणि ही समजूत मोडण्याचे अप्रिय काम सल्लागाराला करावे लागते. मुदत विम्यात शेवटी काही परत मिळत नाही ही तक्रार मी रोज ऐकतो. गाडीच्या विम्यातूनही काही परत मिळत नाही. तेथे आपण कधी तक्रार करत नाही.

नॉमिनी नेमला की काम झाले, असे नाही का?

नॉमिनी नेमणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नसते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास त्यांना रकमेवर लाभार्थी म्हणून हक्क मिळतो. या तरतुदीमुळे नॉमिनीचे नाव अद्ययावत ठेवण्याची गरज उलट वाढली आहे. नोकरीला लागल्यावर घेतलेल्या पॉलिसीत आईचे नाव असते. लग्न होते, दोन मुले होतात, आणि नाव तेच राहते. मुलगा गेल्यावर सासू आणि सून यांच्यात त्या एका ओळीवरून कायमचा दुरावा आल्याचे मी पाहिले आहे. नॉमिनी अल्पवयीन असेल तर तिच्या वतीने रक्कम स्वीकारणारी प्रौढ व्यक्ती नेमावी लागते, आणि तो रकाना बरेचदा कोराच असतो.

आपल्याकडील नावांच्या पद्धतीमुळे आणखी एक अडचण येते. लग्नानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव बदलते; पॉलिसीत माहेरचे नाव, आधारवर सासरचे नाव आणि बँकेत तिसरेच काहीतरी, अशी स्थिती झाली की दाव्याच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. हे आधीच जुळवून घेणे अर्ध्या तासाचे काम आहे.

व्यापारी, ठेकेदार किंवा कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना तज्ज्ञाचा सर्वांत मोठा उपयोग एका वेगळ्याच ठिकाणी होतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेबाबतच्या १८७४ च्या कायद्यातील कलम ६ खाली घेतलेली पॉलिसी पत्नी आणि मुलांसाठीचा न्यास मानली जाते आणि तिच्या रकमेवर पतीच्या सावकारांना हक्क सांगता येत नाही. सावकारांना फसवण्याच्या हेतूनेच ती घेतली असेल तर गोष्ट वेगळी. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर तो जोडता येत नाही. व्यवसाय बुडालेल्या माणसाच्या मागे त्याच्या घरच्यांच्या हाती काय उरते, हे अर्जातील त्या एका खुणेवर ठरते, आणि ज्याला हे माहीत नाही त्याने व्यावसायिकाला आयुर्विमा विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घरातील माणूस अचानक गेल्यावर सल्लागाराचा काय उपयोग होतो?

कपाटात सापडलेल्या पॉलिसीचा दावा बहुतेक कुटुंबे स्वतःही करू शकतात. जे कपाटात नाही ते शोधणे हे तज्ज्ञाचे काम आहे. मी प्रथम मृत व्यक्तीच्या बँक खात्याची मागील दोन वर्षांची नोंद मागतो. त्यात वर्षाला ४३६ रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे २ लाख रुपये मिळण्याची शक्यता असते. २० रुपये कापलेले दिसले आणि मृत्यू अपघाती असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आणखी २ लाख. भविष्य निर्वाह निधीचा सदस्य असलेल्या आणि नोकरीत असताना मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ठेव संलग्न विमा योजनेतून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते, आणि त्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतः एक रुपयाही भरलेला नसतो. स्वतःच्या मालकीची दुचाकी चालवताना मृत्यू झाला असेल, परवाना वैध असेल आणि गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले असेल, तर त्याचे १५ लाख रुपये वेगळे असतात. शेतकरी कुटुंबासाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. तिचा अर्ज मुदतीत करावा लागतो, आणि दुःखाच्या त्या दिवसांत मुदतीचे भान कोणाला राहत नाही.

माझ्या स्वतःच्या नात्यातील एका अपघाती मृत्यूनंतर दुचाकीच्या पॉलिसीकडे दीड वर्ष कोणी पाहिलेच नाही, कारण ‘तो गाडीचा विमा आहे’ असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्या वेळी मी या व्यवसायात नव्हतो. ही आठवण मला अजूनही अस्वस्थ करते, आणि म्हणून हे उत्तर मी मुद्दाम सविस्तर दिले आहे.

नोकरीत मेडिक्लेम आहे, शासनाची योजनाही आहे. वेगळा आरोग्य विमा का घ्यावा?

नोकरीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, आणि नोकरी सुटण्याचे वय व आजार सुरू होण्याचे वय अनेकांच्या बाबतीत एकच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, तसेच ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचा लाभ खुला झाला आहे. या योजना खरोखर उपयोगी आहेत आणि कोणत्याही सल्लागाराने त्यांची माहिती आधी द्यावी. मात्र त्या अंगीकृत रुग्णालयांत आणि यादीतील उपचारांसाठीच चालतात. ज्यांना हप्ता परवडतो त्यांनी स्वतःची एक मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप (वर्षातील एकूण खर्च ठरावीक रकमेच्या पुढे गेल्यावर लागू होणारी जादा पॉलिसी) अशी रचना करावी.

आम्ही परदेशात आहोत आणि आई-वडील पुण्यात किंवा पणजीला एकटे राहतात. सल्लागार काय मदत करू शकतो?

अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न नेहमी येतो. हप्ता तिकडून भरता येतो, परंतु रात्री दोन वाजता रुग्णालयाला पॉलिसी क्रमांक आणि जुने अहवाल देणारे कोणीतरी इथे लागते. ज्येष्ठांच्या पॉलिसीत सहदेयाची अट सहसा असते, म्हणून तेवढी रक्कम इथल्या खात्यात नेहमी तयार ठेवावी आणि ते खाते आई-वडिलांना स्वतः हाताळता यावे.

सल्लागाराला पैसे कोण देते? त्याचा सल्ला निःपक्षपाती कसा मानावा?

पॉलिसी विकणाऱ्याला कंपनीकडून कमिशन मिळते, आणि बचतीच्या पॉलिसीवर ते शुद्ध मुदत विम्यापेक्षा रुपयांत बरेच अधिक असते, कारण हप्ताच मोठा असतो. यात लपवण्यासारखे काही नाही. ‘या पॉलिसीवर आपल्याला किती मिळते आणि मुदत विम्यावर किती मिळाले असते?’ असे सरळ विचारावे. प्रामाणिक सल्लागार आकडा सांगतो. शुल्क घेणाऱ्या नियोजनकाराकडे हा हितसंबंध नसतो, परंतु दाव्याच्या वेळी तो धावपळ करेल की नाही, हे आधी ठरवून घ्यावे.

‘पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे आणि घेणे, दोन्ही बेकायदा आहे आणि दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. शिवाय ज्याने आपले उत्पन्न पहिल्याच दिवशी वाटून टाकले, त्याच्याकडून पुढील वीस वर्षांची सेवा मिळणे कठीण असते.

बँकेत मुदत ठेव करायला गेलो आणि पॉलिसी हाती आली. आता काय करावे?

पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते; जोखमीच्या दिवसांचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी रक्कम मिळते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. लॉकर किंवा कर्ज देण्यासाठी बँकेला विम्याची सक्ती करता येत नाही.

चांगला तज्ज्ञ सल्लागार कसा ओळखावा?

परवाना आणि त्याची मुदत तपासावी. मुंबईत १९५५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विमा संस्थेच्या असोसिएट किंवा फेलो परीक्षा दिलेल्या असतील तर विषयाचा अभ्यास आहे, असे समजायला हरकत नाही. परंतु माझी खरी कसोटी वेगळी आहे. गेल्या वर्षभरात किती पॉलिसी दिल्या हे विचारू नये. किती दाव्यांत मदत केली आणि त्यांतील एखादा नाकारला गेला तेव्हा पुढे काय केले, हे विचारावे. ज्याने एकही नाकारलेला दावा लढवलेला नाही, त्याला पॉलिसीतील बारीक अक्षरांचा अर्थ पुरता कळलेला नसतो.

कोणाला सल्लागाराची गरज नाही?

पंचविशीतील निरोगी, अविवाहित, ज्याच्या उत्पन्नावर कोणी अवलंबून नाही अशा व्यक्तीने साधी आरोग्य पॉलिसी आणि वर उल्लेख केलेल्या दोन प्रधानमंत्री योजना स्वतः घेतल्या तरी चालेल. कर्ज, व्यवसाय, आजार, दुसरे लग्न किंवा विशेष गरजा असलेले मूल यांपैकी काहीही कुटुंबात आले की तज्ज्ञाकडे जावे.

दावा नाकारला गेला तर पुढे काय?

नकार लेखी आणि पॉलिसीतील नेमक्या कलमासह मागावा. आरोग्य विम्याचा दावा कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही, म्हणून ती मान्यता झाली आहे का तेही विचारावे. त्यानंतर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमेदारांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे ही कार्यालये आहेत आणि गोव्यातील तक्रारी पुण्याकडे येतात. लोकपालाला ५० लाखांपर्यंतची भरपाई मंजूर करता येते, शुल्क लागत नाही आणि वकील चालत नाही. विमेदाराने स्वतःची बाजू स्वतः मांडायची असते. त्यामुळे तारखांचा क्रम, डॉक्टरांचे पत्र आणि अर्जाची प्रत यांची नीट बांधलेली फाइल निर्णायक ठरते, आणि ती बांधून देणे हा सल्लागाराच्या कामाचा भाग आहे. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जावे लागते.

आमच्या सल्लागाराने व्यवसाय सोडला, किंवा त्याचेच निधन झाले. आता पॉलिसीचे काय होईल?

पॉलिसीला काहीही होत नाही, कारण करार आपला आणि कंपनीचा असतो. शाखेत अर्ज करून दुसरा सेवा-प्रतिनिधी मागता येतो. आपल्या पश्चातही ग्राहकाचे काम अडू नये, अशी व्यवस्था सल्लागाराने पहिल्याच वर्षी करून द्यायला हवी. मी प्रत्येक कुटुंबाला एक पान लिहून देतो. त्यावर सर्व पॉलिसींचे क्रमांक, विमा रकमा, हप्त्यांच्या तारखा, नॉमिनींची नावे, खोलीभाड्याची मर्यादा, नोकरीतील विम्याचा तपशील, खात्यातून कापल्या जाणाऱ्या त्या ४३६ आणि २० रुपयांची नोंद, तसेच दाव्यासाठीचे दूरध्वनी क्रमांक असतात. ते पान रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे, त्याचे छायाचित्र पत्नीच्या किंवा पतीच्या मोबाइलवर असावे, आणि दरवर्षी दिवाळीच्या आवराआवरीत ते एकदा दोघांनी मिळून वाचावे.